कॅल्शियमची गोळी, आठवड्याची गोळी आणि सहा महिन्यांचे इंजेक्शन: हाडांची औषधे नेमके काय करतात?

खुब्याचे हाड मोडल्यावर किंवा पाठीचा मणका दबल्यावर रुग्णाला जी औषधे लिहून दिली जातात, त्यांत बहुधा तीन प्रकार असतात: रोजची कॅल्शियमची गोळी, आठवड्यातून एकदा घ्यायची डी जीवनसत्त्वाची पुडी किंवा कॅप्सूल, आणि ‘हाडे ठिसूळ झाली आहेत त्यासाठी’ म्हणून सांगितलेले तिसरे काहीतरी. हे तिसरे औषध कधी आठवड्याची गोळी असते, कधी वर्षातून एकदा चढवायचे सलाईन, कधी सहा महिन्यांनी टोचायचे इंजेक्शन, तर कधी रोज पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली टोचायचे इंजेक्शनचे पेन. घरात या सगळ्यांना मिळून ‘हाडांची औषधे’ म्हटले जाते. त्यांतली कॅल्शियमची गोळी तेवढी नेमाने चालू राहते, कारण ती ओळखीची आणि स्वस्त असते आणि निरुपद्रवी वाटते. तिसरे औषध मात्र महाग म्हणून, भीती वाटते म्हणून किंवा दुखणे थांबले म्हणून मध्येच सुटते. परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर हा क्रम नेमका उलटा आहे. पहिली दोन औषधे कच्चा माल पुरवतात, तर हाडाच्या मोडतोडीचा आणि बांधणीचा वेग बदलण्याचे काम तिसरे औषध करते. कोणते औषध शरीरात कुठे काम करते हे एकदा कळले, की ‘अनशापोटीच घ्या’, ‘घेतल्यावर आडवे होऊ नका’, ‘तारीख चुकवू नका’ यांसारख्या सूचना विक्षिप्त वाटेनाशा होतात.

रक्ताची गरज आधी, हाडाची नंतर

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण १ ते १.२ किलो कॅल्शियम असते आणि त्यापैकी ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यातही रक्ताच्या वाट्याला येणारा भाग फारच थोडा, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढाच असतो. यातले सुमारे निम्मे मोकळे असते आणि बाकीचे बरेचसे अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले असते. हृदयाचे आकुंचन, स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंतून जाणारे संदेश आणि रक्त गोठण्याची क्रिया ही सारी या मोकळ्या कॅल्शियमवर अवलंबून असतात. लंडनमधील डॉक्टर सिडनी रिंगर यांच्या हे १८८०च्या दशकात काहीसे अपघातानेच लक्षात आले. नळाच्या पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहात होते, पण ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात ते लवकर थांबे; फरक नळाच्या पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचा होता.

हृदय थांबण्यापेक्षा हाड झिजणे परवडले, असाच शरीराचा हिशेब असतो. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम कमी होऊ लागले की शरीर ते हाडातून काढून घेते. पूर्वी गावात धान्य साठवण्याचे पेव असे तसे हाड आहे, फक्त हे पेव घराचा खांबही आहे. उपसा फार झाला तर वरचा भार पेलवत नाही. म्हणूनच रक्ताच्या तपासणीत कॅल्शियमचा आकडा नॉर्मल आला याचा अर्थ हाडे भक्कम आहेत असा होत नाही. ज्यांची हाडे वयोमानाने कमालीची ठिसूळ झाली आहेत अशा बहुतेक रुग्णांचे रक्तातले कॅल्शियम अगदी व्यवस्थित असते. हाडाची घनता कळायची तर डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी करावी लागते. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर त्या अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवला.

ही देवघेव सांभाळतात मानेत थायरॉईडच्या मागे असलेल्या, प्रत्येकी काही मिलिमीटरच्या, सहसा चार असणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथी. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या एका भारतीय गेंड्यात. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांनी त्यांची नोंद केली. माणसातल्या ग्रंथींचे सविस्तर वर्णन मात्र स्वीडनमधील उप्साला येथे इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८० मध्ये प्रसिद्ध केले. रक्तातले कॅल्शियम किंचित जरी उतरले तरी या ग्रंथी पॅराथायरॉईड संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक हाडातून कॅल्शियम मोकळे करवते, मूत्रपिंडाला लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवायला आणि फॉस्फेट टाकून द्यायला लावते, आणि मूत्रपिंडातच डी जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करवते. हे सक्रिय रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, आतड्यातून कॅल्शियमचे शोषण वाढवते.

डी जीवनसत्त्वाचा प्रवास मूत्रपिंडापर्यंत लांबलेला आहे, ही गोष्ट औषधे समजून घेताना फार उपयोगी पडते. ते उन्हामुळे त्वचेत तयार होते किंवा गोळीतून मिळते, यकृतात त्याच्यात पहिला बदल होतो आणि मूत्रपिंडात दुसरा. प्रयोगशाळेत जे मोजले जाते ते यकृतातले मधले रूप असते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत त्यांच्यात शेवटची पायरी अडते. म्हणून त्यांना साध्या डी जीवनसत्त्वाबरोबर किंवा त्याऐवजी थेट कॅल्सिट्रिऑल, किंवा यकृतात एकाच पायरीने सक्रिय होणारे अल्फाकॅल्सिडॉल, दिले जाते. ‘डी’च तर आहे म्हणून पुडीऐवजी शेजाऱ्याकडची कॅल्सिट्रिऑलची कॅप्सूल घेणे त्यामुळेच धोक्याचे आहे: या कॅप्सूलवर मूत्रपिंडाचा ताबा उरत नाही आणि रक्तातले कॅल्शियम थोड्याच दिवसांत वर जाऊ शकते.

कच्चा माल: कॅल्शियम आणि डी

कॅल्शियमच्या गोळीच्या पाकिटावरचा आकडा वाचताना एक गफलत नेहमी होते. गोळीत शुद्ध कॅल्शियम नसते, त्याचा क्षार असतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनापैकी ४० टक्के कॅल्शियम असते, सायट्रेटच्या सुमारे २१ टक्के आणि ग्लुकोनेटच्या फक्त ९ टक्के. म्हणजे १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीतून शरीराला मिळू शकणारे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम घेतले तर त्याच्या शोषणाचे प्रमाण घटते, म्हणून जास्त मात्रा दिवसातून दोनदा विभागून देतात. कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते. ते जेवणाबरोबर घ्यावे. जे रोज पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखे औषध, घेतात त्यांच्या जठरात आम्लच कमी असते आणि त्यांना सायट्रेट अधिक सोयीचे ठरते, कारण त्याला आम्लाची तेवढी गरज नसते.

दुसरी अडचण सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळण्याच्या सवयीतून येते. कॅल्शियम पोटात थायरॉईडच्या गोळीला, लोहाच्या गोळीला आणि टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांना धरून ठेवते आणि त्यांचे शोषण कमी करते. थायरॉईडची गोळी नियमित घेऊनही टीएसएच (थायरॉईड कमी पडत असल्याचे दाखवणारा रक्तातला आकडा) वरच राहतो, मात्रा वाढवत न्यावी लागते, आणि शेवटी कारण निघते ते त्याच घोटाबरोबर घेतलेले कॅल्शियम. या दोन गोळ्यांत किमान चार तासांचे अंतर असावे.

गोळी घ्यावी की नाही, हे आहारातून किती कॅल्शियम मिळते यावर ठरावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. त्याआधी प्रौढांसाठी ६०० मिलिग्रॅम पुरेसे मानले जाई. १०० मिलिलिटर दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम मिळते. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, परंतु तिच्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या फायटेट या घटकामुळे ते सगळे शोषले जात नाही. तीळही कॅल्शियमने समृद्ध असतात, मात्र संक्रांतीच्या दोन वड्यांवर वर्षभराचा हिशेब मांडता येत नाही. ज्यांच्या जेवणात रोज दूध, दही, ताक पुरेसे आहे त्यांना गोळीची गरज थोडी किंवा मुळीच नसते. गरजेपेक्षा जास्त गोळ्यांनी हाड जास्त भक्कम होत नाही. बद्धकोष्ठ आणि मूतखड्याची शक्यता मात्र वाढते.

डी जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढण्यासाठी आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, देण्याची पद्धत आहे. त्यानंतर महिन्यातून एकदा किंवा रोजची छोटी मात्रा चालू ठेवतात. गोंधळ होतो तो ‘आठवड्याची’ पुडी ‘रोजची’ समजली गेल्यावर, किंवा पाठदुखीवर रामबाण म्हणून सहा लाख युनिटची इंजेक्शने एकामागून एक घेतल्यावर. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज बाहेर पडत नाही, आणि त्याची विषबाधा झाली तर रक्तातले कॅल्शियम कित्येक आठवडे चढेच राहू शकते. तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी आणि ज्येष्ठांमध्ये अचानक आलेला भ्रम ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी आधीपासून चालू असलेल्या पुड्यांची आणि इंजेक्शनांची चौकशी करायची राहून जाते, कारण जीवनसत्त्वाला कोणी औषध धरीत नाही.

या कच्च्या मालाचे खरे सामर्थ्य मुडदुसात दिसते. मुलांमधला मुडदूस आणि मोठ्यांमधला ऑस्टिओमलेशिया यांत हाडाचा सांगाडा तयार असतो, पण त्यात खनिज भरले गेलेले नसते. तिथे डी आणि कॅल्शियम हीच मुख्य औषधे आहेत आणि ती वेळेवर दिली तर गुण उत्तम येतो. फेफऱ्यावरची फेनिटॉइनसारखी जुनी औषधे डी जीवनसत्त्व लवकर संपवतात, म्हणून ती वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही हा आजार दिसतो. ऑस्टिओपोरोसिसची गोष्ट निराळी आहे. तिथे असलेले हाड पुरेसे खनिजयुक्त असते, पण मुळात हाडच कमी उरलेले असते आणि त्याची आतली जाळी तुटलेली असते. नुसता कच्चा माल टाकून ती जाळी पुन्हा विणली जात नाही.

रक्तातले कॅल्शियम बिघडते तेव्हा

हाडाच्या औषधांकडे वळण्याआधी रक्तातल्या बिघाडाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तिथे उपचाराचे मोजमाप वर्षांत नव्हे, तासांत होते. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉईड ग्रंथींना इजा झाली, की एकदोन दिवसांत ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात, तीव्र स्थितीत झटके येतात. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर तीन मिनिटे फुगवून ठेवला तर हाताची बोटे विशिष्ट तऱ्हेने आखडतात. ही जुनी खूण आजही उपयोगाची आहे. अशा वेळी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटर शिरेतून सुमारे दहा मिनिटांत, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून, सावकाश देतात. त्यात कॅल्शियम जेमतेम ९० मिलिग्रॅम असते, पण रक्तातले एकूण प्रमाण किती थोडे आहे हे आठवले तर ही मात्रा लहान नाही. घाई केली तर हृदयाची लय बिघडू शकते. मॅग्नेशियम कमी असेल तर नुसते कॅल्शियम देऊन भागत नाही, कारण मॅग्नेशियमशिवाय पॅराथायरॉईड ग्रंथी संप्रेरक नीट सोडत नाहीत. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने मॅग्नेशियम घटल्याची उदाहरणे आहेत. ज्यांच्या ग्रंथी कायमच्या गेल्या त्यांना कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल जन्मभर घ्यावे लागते, आणि रक्तातला आकडा मुद्दाम खालच्या मर्यादेजवळ ठेवतात, कारण तो वर नेला तर कॅल्शियम मूत्रपिंडात साचू लागते.

उलट बाजूला, रक्तातले कॅल्शियम वाढण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे पॅराथायरॉईड ग्रंथीतली गाठ आणि कर्करोग. चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजावरच्या कप्तानाची कहाणी वैद्यकात प्रसिद्ध आहे. १९२० च्या दशकात त्यांची हाडे मोडत गेली आणि उंची सुमारे १८ सेंटिमीटरने घटली. मानेत गाठ सापडेना म्हणून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. अखेर सातव्या शस्त्रक्रियेत, १९३२ मध्ये, ती छातीत सापडली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मूतखड्याच्या गुंतागुंतीने त्यांचा मृत्यू झाला. आज अशी गाठ काढणे हाच मुख्य उपचार आहे. ज्यांची शस्त्रक्रिया शक्य नाही त्यांच्यासाठी सिनाकॅल्सेट हे औषध आहे. पॅराथायरॉईड ग्रंथींवर कॅल्शियम ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) असतात त्यांना ते अधिक संवेदनशील करते, त्यामुळे ‘रक्तात कॅल्शियम भरपूर आहे’ असे समजून ग्रंथी संप्रेरक सोडणे कमी करतात. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांतही या ग्रंथी अतिक्रियाशील होतात आणि तिथे ते अधिक वापरले जाते.

कॅल्शियम एकदम फार वाढले तर पहिला उपचार शिरेतून भरपूर सलाईन हा असतो, कारण अशा रुग्णाच्या शरीरातले पाणी लघवीवाटे आधीच निघून गेलेले असते. त्याच्या जोडीला कॅल्सिटोनिन हे हाडाची मोडतोड रोखणारे संप्रेरक देतात. ते काही तासांत काम सुरू करते, पण साधारण दोन दिवसांत शरीर त्याला दाद देईनासे होते. तोवर झोलेड्रोनेट या शिरेतून दिलेल्या, हाडाची मोडतोड रोखणाऱ्या औषधाचा परिणाम सुरू झालेला असतो, कारण त्याला दोन ते चार दिवस लागतात. एकाने सुरुवात करायची आणि दुसऱ्याने पुढे न्यायचे अशी ही वाटणी आहे. डी जीवनसत्त्वाच्या विषबाधेत आणि सार्कॉइडोसिससारख्या आजारांत स्टेरॉइड उपयोगी पडते. सामन माशाच्या संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेले कॅल्सिटोनिन पूर्वी नाकात फवारायच्या औषधाच्या रूपात ऑस्टिओपोरोसिसवरही वर्षानुवर्षे दिले जाई. २०१२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने दीर्घ वापरात कर्करोगाचा धोका किंचित वाढतो असा निष्कर्ष काढल्यावर तिकडे तो वापर थांबवला गेला.

मोडतोड रोखणारी औषधे

हाड ही निर्जीव वस्तू नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड काही आठवडे पोखरतात, त्यानंतर ऑस्टिओब्लास्ट पेशी काही महिने खपून तो खड्डा भरतात, आणि प्रौढ सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा नवा होतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि पोखरण्याचा वेग भरण्याच्या वेगाला मागे टाकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घ्याव्या लागल्या तर बांधणीच मंदावते, म्हणून दमा किंवा संधिवातासाठी त्या घेणाऱ्यांनी हाडांची चौकशी वेगळी करून घ्यायला हवी.

आठवड्याची गोळी आणि वर्षाचे सलाईन ही दोन्ही बिस्फॉस्फोनेट या कुळातली आहेत. या कुळाचा उगम औषधात नसून पाण्याच्या नळांत आहे. पाण्यातले क्षार नळाला चिकटून खवले धरू नयेत म्हणून फॉस्फेटची संयुगे वापरत. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की शरीरात असलेले पायरोफॉस्फेट हेही क्षारांचे स्फटिक होऊ देत नाही. परंतु पोटातून दिले तर ते फुटून जाते. म्हणून त्याच्यासारखीच, पण शरीराला न फुटणारी संयुगे बनवली गेली. ती हाडाच्या खनिजाला चिकटून बसतात. ऑस्टिओक्लास्ट पेशी ते हाड पोखरायला येतात तेव्हा औषध त्यांच्या पोटात जाते आणि त्यांच्यातली एक रासायनिक साखळी तोडते. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन औषधे यकृतात जी साखळी अडवतात तीच ही साखळी, फक्त जरा पुढच्या कडीवर तोडलेली.

या कुळातल्या अ‍ॅलेन्ड्रोनेटला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. त्याची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घेतात; रिसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम आठवड्याला आणि आयबॅन्ड्रोनेट १५० मिलिग्रॅम महिन्याला असते. गोळीतल्या औषधाचा एक टक्कासुद्धा आतड्यातून शोषला जात नाही. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, इतकेच काय पण बाटलीबंद खनिजयुक्त पाणी बरोबर असेल तर तोही भाग हाती लागत नाही. म्हणून सकाळी अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास, आयबॅन्ड्रोनेट असेल तर तासभर, दुसरे काही पोटात जाऊ द्यायचे नाही. त्या वेळात आडवे व्हायचे नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. ज्यांना ताठ बसणे जमत नाही किंवा गिळायला त्रास होतो त्यांना ही गोळी देऊच नये. त्यांच्यासाठी शिरेतून देण्याचे झोलेड्रोनेट आहे.

झोलेड्रोनेट ५ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत, वर्षातून एकदा दिले जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. पहिल्या वेळी काहींना दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी येते, ती पॅरासिटामॉलने दोनतीन दिवसांत ओसरते. पुढच्या वर्षी सहसा तेवढा त्रास होत नाही. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण दुसऱ्या वर्षी फिरकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. सलाईनपूर्वी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची तपासणी, पाहतात, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर ते देता येत नाही, आणि डी जीवनसत्त्व भरून काढतात, नाहीतर पोखरण एकाएकी थांबल्यावर रक्तातले कॅल्शियम उतरते.

जबड्याचे हाड उघडे पडणे आणि मांडीचे हाड विशेष मार न लागता मोडणे या दोन दुष्परिणामांची धास्ती फार पसरली आहे. ते खरे आहेत आणि गंभीरही आहेत. परंतु ऑस्टिओपोरोसिससाठी दिल्या जाणाऱ्या मात्रांत ते विरळ आहेत. जबड्याचा त्रास मुख्यतः कर्करोगात दर महिन्याला मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांत दिसतो. दात काढायचा असेल तर तो औषध सुरू करण्याआधी काढून घ्यावा, दंतवैद्याला औषधाचे नाव सांगावे, आणि मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागले तर ते वयाचे दुखणे समजून अंगावर काढू नये. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते, म्हणून ज्यांचा धोका कमी झाला आहे त्यांना गोळीच्या पाच वर्षांनंतर किंवा सलाईनच्या तीन वर्षांनंतर काही काळ विश्रांती देता येते. मुरलेले औषध त्या काळातही थोडेफार काम करीत असते.

सहा महिन्यांचे इंजेक्शन, म्हणजे डेनोसुमॅब, याच्या अगदी उलट वागते. ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होण्यासाठी रँकएल नावाच्या प्रथिनाचा निरोप लागतो. डेनोसुमॅब हे त्या निरोपालाच पकडणारे प्रतिपिंड आहे. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम त्वचेखाली देतात, मूत्रपिंड कमजोर असतानाही ते देता येते, आणि हाडाची घनता वर्षानुवर्षे वाढत राहते. परंतु ते हाडात साठत नाही. इंजेक्शनची तारीख हुकली आणि एकदोन महिने लोटले, की दबून राहिलेल्या पेशी एकदम उसळतात, मिळवलेली घनता वेगाने जाते आणि काही रुग्णांचे एकाच वेळी अनेक मणके दबतात. डेनोसुमॅबला विश्रांती नसते. थांबवायचेच असेल तर त्याच्या जागी झोलेड्रोनेट किंवा अ‍ॅलेन्ड्रोनेट द्यावे लागते. डायलिसिसवरच्या रुग्णांत या इंजेक्शनाने रक्तातले कॅल्शियम जिवावर बेतण्याइतके उतरू शकते; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्याबद्दल आपला सर्वांत कडक इशारा जोडला. ‘मूत्रपिंडाला चालते’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे.

रॅलोक्सिफेन हे या गटातले जुने, सौम्य औषध. हाडावर इस्ट्रोजेनसारखे आणि स्तनावर त्याच्या विरोधी काम करणारी ही ६० मिलिग्रॅमची रोजची गोळी मणक्यांचे अस्थिभंग कमी करते; खुब्याला तिचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

बांधणी करणारी औषधे आणि त्यांचा क्रम

टेरिपॅराटाइड, म्हणजे रोजचे पेन, हा पॅराथायरॉईड संप्रेरकाचा पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा तुकडा आहे. जे संप्रेरक हाड पोखरवते तेच औषध कसे, हा प्रश्न साहजिक आहे, आणि उत्तर वेळेत आहे. मार्टेल यांच्यासारख्या रुग्णात संप्रेरक रात्रंदिवस चढे असते आणि हाड झिजते. तेच दिवसातून एकदा, २० मायक्रोग्रॅम, थोड्या वेळापुरते चढले आणि उतरले तर ऑस्टिओब्लास्ट पेशी आधी जाग्या होतात आणि नवे हाड तयार होते. अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा उंदरांत दिसलेल्या हाडाच्या कर्करोगामुळे त्यावर कडक इशारा होता. माणसांत तसा धोका दिसून न आल्याने २०२० मध्ये तो काढला गेला. भारतात त्याच्या देशी आवृत्त्या मिळतात. पेन फ्रीजमध्ये, पण गोठणार नाही असे ठेवावे लागते आणि बहुतेक पेन सुरू केल्यापासून २८ दिवसांत टाकून द्यायचे असतात. हे लोडशेडिंगच्या गावात राहणाऱ्या रुग्णाशी आधीच बोलून घ्यावे लागते.

रोमोसोझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनचा माग दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या, कुटुंबांत लागला. त्यांच्यातल्या काहींना एक दुर्मिळ आनुवंशिक आजार असे, ज्यात हाडे इतकी जाड आणि घट्ट होत की कवटीतल्या वाढलेल्या हाडामुळे नसा दाबल्या जात. त्यांच्या शरीरात स्क्लेरोस्टिन हे प्रथिन बनत नव्हते, जे एरवी हाडाच्या बांधणीला लगाम घालते. औषधाने हा लगाम काही काळ सैल करायचा, ही कल्पना त्यातून आली. दर महिन्याला २१० मिलिग्रॅम असे एक वर्ष ते देतात. बांधणी वाढते आणि मोडतोड घटते, दोन्ही एकदम. अमेरिकेत २०१९ मध्ये ते मान्य झाले. मागच्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर मात्र ते देत नाहीत.

ही औषधे महाग असतात म्हणून आपल्याकडे बहुधा सर्वांत शेवटी, दोनचार मणके दबल्यावर, आठवतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. ज्यांचा धोका फार मोठा आहे, म्हणजे नुकतेच मणके दबले आहेत किंवा टी-स्कोअर फारच खाली आहे, त्यांच्यात आधी बांधणी आणि मग मोडतोड रोखणे अधिक फलदायी ठरते. वर्षानुवर्षे बिस्फॉस्फोनेट घेतल्यावर टेरिपॅराटाइड दिले तर हाडाचा प्रतिसाद मंद येतो, आणि डेनोसुमॅब थांबवून लगेच टेरिपॅराटाइड सुरू केले तर खुब्याची घनता काही काळ उलट घटते. बांधणीच्या औषधांचा कोर्स संपल्यावरही मिळवलेले हाड टिकवण्यासाठी गोळी, सलाईन किंवा डेनोसुमॅब चालू करावे लागते, नाहीतर वर्षभरात त्यातला बराच भाग गमावला जातो. त्यामुळे गाव किंवा डॉक्टर बदलताना नुसती डेक्साची फिल्म नेऊन पुरत नाही. कोणते इंजेक्शन किंवा सलाईन कोणत्या तारखेला दिले, पेन किती महिने घेतले आणि शेवटची आठवड्याची गोळी कधी घेतली, हे कागदावर लिहिलेले असेल तरच पुढचे औषध कोणते आणि कधी द्यायचे, हे नव्या डॉक्टरांना ठरवता येते.